शेरा, तारा आणि कारण

१

पाहिलेल्या मालिकेविषयी किंवा विज्ञानपटाविषयी सहज दिलेले मत समीक्षेच्या कक्षेत येते काय, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही. कारण त्याचे उत्तर सर्वांनी आधीच गृहीत धरलेले आहे. ‘पहिले दोन भाग रटाळ, मग पकड घेते’, ‘विज्ञान चोख आहे, शेवट फसला’, ‘पाणी फार घातलंय’ ही वाक्ये विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या खोलीत आणि चर्चासत्राच्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर उच्चारली जातात. सत्र पुन्हा सुरू झाले की तीच माणसे संहिता, संकेतव्यूह आणि वाचनव्यवहार यांविषयी बोलू लागतात. सुट्टीतील भाषा आणि सत्रातील भाषा यांचा परस्परांशी काही संबंध नाही, याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख आश्चर्याच्या या अभावावर आहे.

या मतांकडे पाहण्याच्या दोन भूमिका आज प्रचलित आहेत आणि दोन्ही स्वतःला एकमेकींच्या विरोधी समजतात. पहिली भूमिका शास्त्रीबुवांची. तिच्या मते मालिका आणि परग्रहांवरील चित्रपट हा मनोरंजनाचा बाजार आहे, आणि त्याविषयीची मते बाजारातील गलबल्याइतकीच दखलपात्र आहेत. दुसरी भूमिका प्रेक्षकवादाची. ती उत्तर-आधुनिकतेचा अंगरखा पांघरून येते आणि सांगते की, श्रेष्ठ-कनिष्ठ हा भेद सत्ताधारी अभिरुचीने लादलेला आहे. ज्याला जे आवडले ते आवडले, त्याला जाब विचारणारे तुम्ही कोण? पहिली भूमिका मताला तुच्छ लेखते, दुसरी त्याला ओवाळते. एका मुद्द्यावर मात्र दोघींचे पूर्ण एकमत आहे. मत देणाऱ्याने कारण द्यावे, ही अपेक्षा दोघीही करीत नाहीत. पहिलीला ते कारण ऐकण्याजोगे असेल असे वाटत नाही. दुसरीला ते मागणेच उद्धटपणाचे वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सहज दिलेला शेरा हा समीक्षेचा आरंभ असतो, आणि भागाभागांनी घडणाऱ्या कलाप्रकाराच्या बाबतीत तर तो समीक्षेचा अटळ प्रकार असतो. सहजतेमुळे त्याचे काही बिघडत नाही. कारणाची जागा निकालाने घेतली की तो बिघडतो. आणि निकाल देण्याची ही खोड प्रेक्षकाला लागण्यात आपल्या समीक्षेचा वाटा मोठा आहे.

२

‘मला आवडले’ आणि ‘हे सुंदर आहे’ या दोन विधानांतील भेद कांटने १७९० साली स्पष्ट केला. कॅनरी बेटांवरचे मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने खरे तर ‘ते मला सुखद आहे’ असे म्हणायला हवे, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सुखदाच्या प्रांतात प्रत्येकाची जीभ वेगळी. तेथे वाद संभवत नाही. परंतु ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा इतरांच्या संमतीची मागणी करीत असतो. ती मागणी कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नाही हे ठाऊक असूनही करीत असतो. रा. भा. पाटणकरांनी हा विचार मराठीत इतक्या काटेकोरपणे मांडला आहे की पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला तो परीक्षेपुरता तरी पाठ असतो. आदल्या रात्री पाहिलेल्या मालिकेला मात्र तो त्याने कधी लावून पाहिलेला नसतो.

लावून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. पडद्यावरील कथनाविषयीचा शेरा बोलताना दुसऱ्या प्रकारचा असतो आणि अडचणीत सापडला की पहिल्या प्रकारात पळून जातो. ‘शेवट फसला’ हे विधान कृतीविषयीचे आहे. ते ऐकणाऱ्याने मान्य करावे, अशी बोलणाऱ्याची इच्छा असते. ‘कुठे फसला?’ असे विचारताच उत्तर येते, ‘हे माझं आपलं मत.’ म्हणजे मागणी सार्वत्रिक संमतीची करायची आणि पडताळणीची वेळ आली की खासगी आवडीच्या घरात शिरून आतून कडी लावायची! मतस्वातंत्र्याच्या नावाने आज ज्याचे समर्थन केले जाते ते बहुतेक वेळा हे पलायनच असते.

कारण म्हणजे काय, हेही येथे स्पष्ट करायला हवे. आर्नल्ड आयझेनबर्ग याने १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असे दाखवले की, समीक्षेतील कारण हे भूमितीतील सिद्धतेसारखे नसते. एखाद्या निकषावर बोट ठेवून ‘म्हणून ही कृती चांगली’ असा निष्कर्ष काढता येत नाही. कारण ऐकणाऱ्याची नजर कृतीतील एका विशिष्ट जागेकडे वळवते. ‘हे पाहा’ एवढेच ते म्हणते. पाहणाऱ्याला तेथे काही दिसले तर संवाद पुढे जातो, न दिसले तर मतभेद होतो. पण तो मतभेद आता कृतीविषयीचा असतो, दोन स्वभावांविषयीचा नसतो.

ताऱ्यांना नेमके हेच जमत नाही. पाचपैकी साडेतीन तारे कोणाचीही नजर कोठेही वळवीत नाहीत. म्हणूनच त्यांची बेरीज करता येते, सरासरी काढता येते, आणि ती सरासरी विकता येते. नेटफ्लिक्सने २०१७ साली पंचतारांकित मूल्यांकन काढून टाकले आणि त्या जागी वर किंवा खाली वळलेला अंगठा आणला. प्रेक्षकाला पुढे काय दाखवावे हे ठरवणाऱ्या यंत्रणेला तेवढेच पुरे होते. प्रेक्षकवादी समीक्षकाने या घटनेवर जरा थांबून विचार करायला हवा होता. ज्या मताला त्याने लोकशाहीचा हुंकार मानले त्या मताचे अंगठ्यात रूपांतर होताना काहीही गळून पडले नाही. कारण गळण्यासारखे त्यात काही नव्हतेच. ‘तिसऱ्या भागातील जेवणाच्या प्रसंगात ती उत्तर देत नाही, म्हणून मला पुढचे सगळे समजले’ या वाक्याचा अंगठा करून पाहावा. होत नाही. कारण नसलेले मत कंपनीच्या मालकीचे होते. कारण असलेले मत संस्कृतीच्या व्यवहारात राहते. या लेखातील सर्व आग्रह या एका फरकासाठी आहे.

३

शास्त्रीबुवांच्या भूमिकेकडे आता वळू. मालिकेविषयी बोलण्यास आपली समीक्षा असमर्थ आहे, आणि या असमर्थतेला तिने तुच्छतेचे नाव दिले आहे. असमर्थतेचे मूळ शोधायला फार दूर जावे लागत नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ सालच्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा विचार मांडला. त्याची ताकद वादातीत आहे. पण ही तत्त्वे लावायची तर कृती संपूर्ण समोर असावी लागते. समतोल साधला की नाही, हे शेवटचे वाक्य वाचल्यावरच सांगता येते. त्यानंतरच्या अनेक समीक्षकांनी मर्ढेकरांशी भांडण केले. परंतु कृती ही पूर्ण झालेली, बंद आणि एकसंध वस्तू आहे, हे गृहीत भांडणाऱ्यांनीही बहुधा तसेच ठेवले.

मालिका या गृहीताला जुमानत नाही. ती पाहिली जाते तेव्हा लिहून झालेली नसण्याचीही शक्यता असते. तिच्याविषयीचे प्रत्येक मत कृतीच्या मध्यावर उभे राहून दिलेले असते. असे मत अपुरे असणारच. कृती अपुरी असताना मत पुरे असण्याचा दावा करणे हाच खरा अप्रामाणिकपणा होय. साप्ताहिक भागांनी येणाऱ्या कथेला मोकळ्या जागा असतात. त्या जागांत प्रेक्षक अंदाज बांधतो, पात्रांवर रागावतो, मागचे भाग नव्याने लावतो. वोल्फगांग इझर याने डिकन्सच्या संदर्भात हेच निरीक्षण नोंदवले होते: हप्त्यांनी वाचणाऱ्या तत्कालीन वाचकाला पुष्कळदा ग्रंथरूपातील कादंबरीपेक्षा हप्त्यांतली अधिक चांगली वाटे, कारण दोन हप्त्यांमधल्या खंडात त्याची कल्पनाशक्ती कामाला लागे. इझरचे नाव आपल्या लेखांतून सढळपणे येते. हे निरीक्षण सहसा येत नाही.

आणि या वाचनव्यवहाराशी मराठीचा परिचय काही कालचा नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले. त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या वाचकांपर्यंत क्रमशः पोहोचल्या आणि त्यांतील काही अपुऱ्याच राहिल्या. ज्या भाषेतील कादंबरीचा पाया हप्त्यांनी घातला गेला, त्या भाषेच्या समीक्षेने हप्त्याला हिणकस मानावे, हे विस्मरणाचे लक्षण आहे.

सहजमताची ताकद पाहायची असेल तर ‘हम लोग’चे उदाहरण घ्यावे. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका दूरदर्शनवर १९८४ आणि १९८५ या वर्षांत चालली. कुटुंबनियोजनाचा थेट प्रचार करणारे पहिले तेरा भाग प्रेक्षकांना रुचले नाहीत. तेव्हा प्रचार मागे घेऊन कौटुंबिक कथानक पुढे आणण्यात आले. मालिका चालू असताना सुमारे चार लाख पत्रे आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी त्यांतील निवडक पत्रांचा अभ्यासही केला. पात्रांना सल्ले देणारी, त्यांच्या निर्णयांवर वाद घालणारी ही पत्रे भाबडी होती, असे म्हणणे सोपे आहे. पण पत्र लिहिणाऱ्याला एक गोष्ट करावी लागे, ती अंगठा दाबणाऱ्याला करावी लागत नाही: त्याला निदान एक वाक्य जुळवावे लागे आणि त्या वाक्यात ‘कारण’ हा शब्द येण्याची शक्यता असे.

याउलट ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या पर्वाविषयी जे झाले ते पाहावे. हे पर्व २०१९ साली संपले. ते नव्या लेखकांकडून पुन्हा तयार करून घ्यावे अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. येथे शेरा होता, ‘घाई केली’. हा शेरा उत्कृष्ट होता! जेरार जेनेट याने १९७२ साली कथाकाळ आणि कथनकाळ यांच्या गुणोत्तराचा जो विचार मांडला, त्याच्या उंबरठ्यावर हा शेरा उभा होता. पहिली सहा पर्वे प्रत्येकी दहा भागांची, सातवे सात भागांचे आणि आठवे सहा भागांचे. ज्या मालिकेत एका नगरातून दुसऱ्या नगरात जाण्यास कित्येक भाग लागत, त्यात अंतरे अचानक आक्रसली. डनेरिसने शरण आलेले नगर जाळावे, याची बीजे आधीच्या पर्वांत पेरलेली होती. कमी पडल्या त्या बीज आणि फळ यांमधल्या पायऱ्या. एवढे म्हटले असते तर शेऱ्याची समीक्षा झाली असती. त्याऐवजी त्याचा अर्ज झाला. ‘घाई केली’ हे कारण होते, ‘पुन्हा करा’ हा निकाल होता. आणि निकाल लागताच कारणाकडे कोणी वळून पाहिले नाही.

आपल्याकडील ‘पाणी घातलं’ या शेऱ्याचीही अशीच तपासणी करायला हवी. १९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली, आणि पुढे मराठी घरांत दैनंदिन मालिका रुळत गेल्यापासून हा शेरा अखंड ऐकू येतो. पाणी घालण्याचे रूपक असे मानते की, मुळात एक घट्ट वरण होते आणि कोणीतरी ते वाढवले. पण दैनंदिन मालिकेला मूळ घट्ट रूप नसते. प्रेक्षकसंख्येचे आकडे साथ देतील तोवर चालणे हा तिचा करार असतो. पुनरुक्ती हा तिचा बांधणीचा नियम असतो. पुनरुक्ती स्वतःमध्ये दोषही नव्हे. कीर्तनकार तेच नाम पुन्हा पुन्हा घेतो आणि प्रत्येक वेळी ते वेगळ्या आख्यानाच्या पार्श्वभूमीवर येते. तेव्हा प्रश्न असा विचारला पाहिजे: या मालिकेत पुन्हा आलेला प्रसंग काही नवे वजन घेऊन येतो की केवळ वेळ भरतो? सासूने दाराआडून ऐकणे चौथ्यांदा येते तेव्हा तिचे भय वाढलेले असते काय? ‘पाणी’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही. आणि ज्याने तो सुचवायचा तो समीक्षक नाक मुरडून बसलेला असतो.

४

विज्ञानपटाविषयीच्या सहजमतांचा रोग वेगळा आहे. तेथे शेऱ्याचा मुख्य निकष शक्याशक्यतेचा असतो: ‘हे विज्ञानात बसत नाही’, किंवा उलट, ‘सगळं शास्त्रशुद्ध आहे’. पहिल्याला दोष आणि दुसऱ्याला गुण मानले जाते. दोन्ही वाक्ये जागा चुकलेली आहेत.

या ठिकाणी एका जुन्या संज्ञेचे स्मरण उपयोगी पडेल. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले पहिले विघ्न म्हणजे संभावनाविरह. जे दाखवले जात आहे ते घडू शकेल असेच ज्याला वाटत नाही, त्याचे चित्त तेथे विसावू शकत नाही. यावरचा उपायही त्याने सांगितला आहे. लोकसामान्य वस्तू असेल तर हृदयसंवादाने काम भागते. समुद्रोल्लंघनासारखे असामान्य कृत्य असेल तर रामासारखे प्रख्यात नायक घ्यावेत, कारण त्यांच्याविषयीचा विश्वास दीर्घ परंपरेने मनात रुजलेला असतो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ज्याला आपण संभाव्यता म्हणतो ती येथे निसर्गनियमांवर तोलली जात नाही. समुद्र उडून ओलांडणे शक्य आहे काय, हा प्रश्न अभिनवगुप्त विचारत नाही. कृती प्रेक्षकाच्या मनात विश्वास कसा उभा करते, हा त्याचा प्रश्न आहे.

विज्ञानपटाजवळ राम नसतो. (‘स्टार वॉर्स’सारख्या १९७७ पासून चालत आलेल्या मालेने आपली स्वतःची प्रख्याती कमावली, हा अपवाद उद्बोधक आहे, निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा ऐकू येतो, यावर तेथे कोणी प्रवेशद्वारी अडून बसत नाही.) त्याला विश्वास नव्याने बांधावा लागतो, तोही एखाद्या नवघटकाभोवती. डार्को सुविन याने १९७० च्या दशकात विज्ञानसाहित्याची जी व्याख्या केली तिच्यात बोध आणि अपरिचितीकरण हे दोन्ही एकत्र येतात: नवघटकामुळे आपले जग परके होते आणि त्या परकेपणातून त्याचे आकलन घडते. म्हणजे विज्ञान खरे की खोटे यापेक्षा त्या विज्ञानाने आपल्या जगाचे काय केले, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

क्रिस्टोफर नोलनचा ‘इंटरस्टेलर’ हा २०१४ सालचा चित्रपट या दृष्टीने पाहावा. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न त्याच्या निर्मितीत सहभागी होता, आणि कृष्णविवराचे दृश्यरूप समीकरणांच्या आधारे घडवले गेले, हे सर्वश्रुत आहे. ‘शास्त्रशुद्ध आहे’ या शेऱ्याची दौड येथवर. पण चित्रपटाचा गाभा वेगळ्या ठिकाणी आहे. कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षे उलटतात. नायक तेथून यानात परततो तेव्हा तेवीस वर्षे गेलेली असतात, आणि तो मुलांचे साठलेले संदेश एकामागून एक पाहतो. त्यांतील शेवटच्या संदेशात मुलगी त्या वयाला पोहोचलेली आहे ज्या वयात बाप तिला सोडून गेला. सापेक्षतावाद येथे विरहाचे माप झाला आहे. आखातात नोकरीला गेलेल्या बापाच्या मुलांना हे माप समजायला समीकरण लागत नाही. नवघटकाने आपलेच जग दाखवले, ते असे.

‘शेवट अशक्य’ या प्रतिकूल शेऱ्याचेही तसेच. शनीजवळच्या कृमिविवरातून यान पलीकडे जाते तेव्हा प्रेक्षक कुरकुर करीत नाही. नायक मुलीच्या पुस्तकांच्या मांडणीमागे पोहोचतो तेव्हा करतो. अशक्यतेच्या दृष्टीने दोन्हींत फारसे अंतर नाही. शिवाय पुस्तकांची मांडणी आरंभीच पेरलेली आहे: पुस्तके पडतात, धुळीच्या रेषा संकेत देतात, मुलगी त्याला भूत म्हणते. तेव्हा कुरकुर होते ती अशक्यतेमुळे नाही. प्रेम हे मितींच्या पलीकडे पोहोचते, असा युक्तिवाद चित्रपट आधी एका पात्राच्या तोंडी घालतो आणि मग घटनेकडून तो सिद्ध करून घेऊ पाहतो. संदेशांच्या प्रसंगात घटनेने जे न बोलता साधले होते, ते येथे भाषणाच्या तारणावर ठेवले गेले. संभावनाविरह निर्माण झाला तो या ठिकाणी. माझे हे निदान कोणी अमान्य करील; पण अमान्य करण्यासाठी त्याला ते दोन प्रसंग पुन्हा पाहावे लागतील. मतभेद एवढ्या पातळीवर आला तरी पुष्कळ झाले.

‘संथ आहे’ हा तिसरा लोकप्रिय शेरा. २०२२ साली सुरू झालेल्या आणि २०२५ साली दुसरे पर्व पूर्ण केलेल्या ‘सेव्हरन्स’ या मालिकेविषयी तो वारंवार ऐकू येतो. या मालिकेतील नवघटक एकच आहे: शस्त्रक्रियेने कर्मचाऱ्याची कार्यालयीन स्मृती आणि बाहेरची स्मृती एकमेकींपासून तोडली जाते. कार्यालयातला ‘मी’ संध्याकाळी उद्वाहकात शिरतो आणि त्याच क्षणी, त्याच्या लेखी, दुसऱ्या दिवशीच्या कामावर हजर होतो. त्याच्या आयुष्यात संध्याकाळच नाही. लांबच लांब पांढरे मार्गिकामार्ग, अर्थहीन आकड्यांची वर्गवारी, बक्षीस म्हणून मिळणाऱ्या क्षुद्र वस्तू यांतून येणारी संथता ही त्या संध्याकाळ नसलेल्या माणसाची कालप्रतीती आहे. आणि प्रेक्षक ही मालिका पाहतो केव्हा? स्वतःचे कार्यालय सुटल्यावर, नेमक्या त्या वेळात, जो पडद्यावरील माणसाला नाकारलेला आहे. ‘संथ आहे’ असे म्हणणाऱ्याला मालिका बरोबर लागली आहे. फक्त लागलेल्या ठिकाणी बोट ठेवण्याऐवजी तो तारा कापतो.

मराठी समीक्षेने येथे काही मदत केली असती काय? १९७४ हे वर्ष आठवावे. त्या वर्षी पाटणकरांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आपल्या नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून जयंत विष्णु नारळीकरांनी ते घेतले होते, परीक्षकांनी लेखकाच्या कीर्तीकडे न पाहता कथा वाचावी म्हणून. सौंदर्यविचाराचा मोठा ग्रंथ आणि नव्या कथाप्रकाराची मोठी चाहूल एकाच वर्षी आली आणि दोघांची गाठ पडली नाही. पुढे नारळीकर २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत विज्ञानकथेवरील चर्चा बव्हंशी ‘विज्ञान किती आणि साहित्य किती’ या वाटणीतच फिरत राहिली. विज्ञानपटाला ‘विज्ञान चोख, शेवट फसला’ असा शेरा देणारा प्रेक्षक हीच वाटणी करीत असतो. त्याला आपण हसतो. पण त्याच्या हातातील तराजू आपल्याच दुकानातला आहे.

५

सहजमताला आपण उगाच एवढे महत्त्व देतो आहोत, असा आक्षेप येईल. प्रेक्षक बोलतात आणि विसरतात. कृती आपल्या जागी राहते. हे खरे नाही. ‘हम लोग’च्या बाबतीत मतांनी कृती बदलली हे आपण पाहिले. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’चे उदाहरण याहून बोलके आहे. १९८२ साली हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी त्याचे चाचणीखेळ झाले. प्रेक्षकांनी तो समजत नाही, उदास आहे, असे शेरे दिले. निर्मात्यांनी त्यावर उपाय केला: नायकाच्या आवाजातील निवेदन घातले आणि शेवटी हिरव्या डोंगरांतून जाणारा सुखान्त जोडला. १९९२ साली ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणून जे रूप आले त्यात निवेदन आणि सुखान्त दोन्ही काढलेले होते. २००७ साली स्कॉटने आपली अंतिम आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे काही तासांत दिलेल्या शेऱ्यांचे परिणाम पुसायला एका तपाहून अधिक काळ लागला.

यावरून चाचणीखेळातील प्रेक्षक मूर्ख होता असा निष्कर्ष शास्त्रीबुवा काढतील. तो चुकीचा आहे. ‘समजत नाही’ ही त्याची तक्रार खरी होती. माणूस कोण आणि मानवनिर्मित प्रतिमानव कोण, याविषयीची अनिश्चितता हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. प्रेक्षक गोंधळला, म्हणजे विषय त्याच्यापर्यंत पोहोचू लागला होता. शेरा हे लक्षण होते. वैद्याकडे आलेला रोगी ‘दुखतंय’ म्हणतो तेव्हा त्याचे दुखणे खोटे नसते. पण औषध त्याने सांगायचे नसते आणि दुकानदाराने तर मुळीच सांगायचे नसते. लक्षण आणि निदान यांच्या मधली जी जागा, ती समीक्षेची. ती रिकामी ठेवली की तेथे निर्माता येऊन बसतो. पूर्वी तो चाचणीखेळाच्या पत्रिका घेऊन येत असे. आता अंगठ्यांची मोजदाद घेऊन येतो.

आणि आज ही मोजदाद मालिकेच्या जन्ममरणाचा एक घटक झाली आहे. किती जणांनी पाहिली, किती जण अर्ध्यावर उठले यांवर पुढचे पर्व निघायचे की नाही हे ठरते. अर्ध्यावर का उठले, हे त्या हिशेबात कोठेच येत नाही. कंटाळून उठलेला आणि अस्वस्थ होऊन उठलेला, दोघांची नोंद एकच. साहित्याचा अभ्यास करणाऱ्याला कंटाळा आणि अस्वस्थता यांत फरक करता येत नसेल, तर त्याने अभ्यास कशाचा केला?

६

मग करायचे काय? सहजमताला प्रबंधाचे कपडे चढवावेत, असे माझे म्हणणे नाही. सहजता म्हणजे पूर्वतयारीचा अभाव. कारणाचा अभाव नव्हे. उत्स्फूर्त वाक्यातही कारण असू शकते, आणि तीनशे पानी प्रबंधातही ते नसू शकते, याचे दाखले विद्यापीठीय ग्रंथालयांत भरपूर आहेत.

तीन साध्या अटी सुचवतो. पहिली: मत देणाऱ्याने कोठवर पाहिले आणि कोणती आवृत्ती पाहिली, हे सांगावे. मालिकेविषयीचे मत पाचव्या भागाअखेरचे असेल तर ते पाचव्या भागाअखेरचेच राहू द्यावे. दहाव्या भागाने ते खोटे पडले तर ते खोटे पडणे हाही वाचनाचा इतिहास आहे. दुसरी: एका तरी जागेकडे बोट दाखवावे. रहस्यभेदाच्या भीतीने आज मत देणारे प्रसंगाचे नावच घेत नाहीत आणि ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘ठीकठाक’ या विशेषणांवर वेळ मारून नेतात. ज्या कृतीत शेवट कळल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही, तिच्याविषयी बोलण्यासारखेही फार नसते. रामायणाचा शेवट ठाऊक असलेल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. तिसरी: तारे, अंगठे आणि गुण देऊ नयेत. ते दिले की वाचक कारण वाचत नाही.

या अटी प्रेक्षकाला घालण्याआधी आपण स्वतःला घालाव्यात. समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकांनी चालू मालिकांविषयी भागागणिक नोंदी छापाव्यात. त्या अपुऱ्या असतील, बदलतील, एकमेकींना खोडतील. मराठी विभागांनी क्रमशः कथनाचा अभ्यास ‘करमणूक’पासून सुरू करून आजच्या पडद्यापर्यंत आणावा. विद्यार्थी रोज रात्री जे पाहतो आणि दुसऱ्या दिवशी ज्याविषयी बोलतो, त्याचा वर्गाशी काही संबंध नाही असे आपण त्याला शिकवत राहिलो, तर तो आपले खरे पाहणे वर्गाबाहेर ठेवील आणि वर्गात आपल्याला हव्या त्या संज्ञा परत करील. तसे तो करूही लागला आहे.

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न चहाच्या टेबलावर रोज विचारला जातो. उत्तर आल्यावर ‘का?’ असा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय आपण मोडली आहे. ती पुन्हा लावून घेण्यास कोणत्याही नव्या सिद्धान्ताची आयात करावी लागणार नाही.